धड वाईट नाहीत, धड चांगले नाहीत: पाहिलेले काही मधले सिनेमे

रविवारचा प्रेक्षक

फार चांगला सिनेमा लक्षात राहतो. फार वाईटही राहतो, लोकांना सांगायला विषय होतो. मधले सिनेमे मात्र पुसून जातात, आणि आपण पाहतो त्यातले बहुतेक हेच असतात. या पावसाळ्यात संध्याकाळी बाहेर पडणं फारसं झालं नाही, म्हणून असे बरेच सिनेमे घरी टीव्हीवर लावले. काही पूर्वी थेटरात पाहिले होते, काही राहून गेले होते. सिनेमाची तांत्रिक बाजू मला कळत नाही. पण लागोपाठ पाहिल्यावर एक गोष्ट इतकी ठळक दिसली की लिहावंसं वाटलं.

या सिनेमांना पैसा कमी पडलेला नाही. नट चांगले आहेत, संगीत तर पुष्कळदा उत्तम. पण प्रत्येक गोष्टीत एक अवघड जागा असते, जिच्यासाठी ती गोष्ट सांगायची. सिनेमा तिथपर्यंत येतो आणि बाजूने निघून जातो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मोठी जोडी लागावी, दोघांनी नुसती खडाखडी करावी आणि पंचांनी कुस्ती सोडवावी, तसं होतं.

पुढे शेवट फोडले आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी बेताने वाचा.

सुरुवात 'पानिपत'पासून. आशुतोष गोवारीकरांचा, ६ डिसेंबर २०१९ ला आलेला. उदगीरच्या विजयापासून कथा सुरू होते. नितीन देसाईंनी उभा केलेला शनिवारवाडा बघत राहावा असा. पद्मिनी कोल्हापुरे गोपिकाबाई म्हणून थोडाच वेळ आहेत, पण प्रत्येक वेळी घरातलं राजकारण त्यांच्या नजरेतून कळतं. संजय दत्तच्या अब्दालीला वजन आहे. अर्जुन कपूर मेहनत करतो, पण सदाशिवरावभाऊंच्या डोक्यात काय चाललंय ते चेहऱ्यावर उमटत नाही. हेही मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता येत नाही ती छावणी. मराठ्यांनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतल्यावर अब्दाली यमुना ओलांडून त्यांच्या मागे आला आणि दिल्लीची वाट तुटली. नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत दोन महिन्यांच्या वर ती माणसं पानिपतला अडकून पडली. सैन्याबरोबर यात्रेकरू होते, बायका-मुलं होती, बाजारबुणगे होते. उत्तरेतली थंडी, जनावरांना चारा नाही, माणसांना धान्य नाही. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली. पानिपताची खरी गोष्ट ही आहे. पावणेतीन तासांहून लांब सिनेमात या उपासमारीला मिळतात थोडे संवाद आणि काही उदास चेहरे. मग लगेच लढाई. लढाई भव्य आहे, पण ती उपाशी माणसांची लढाई वाटत नाही. भाऊंनी एवढा लवाजमा बरोबर का नेला, परतायचं कधी होतं, चूक कुठे झाली, हे प्रश्न महाराष्ट्रात अडीचशे वर्षं लोक एकमेकांना विचारत आलेत. सिनेमा त्यांच्यापासून लांब राहतो.

गोवारीकरांचाच 'मोहेंजो दारो' (२०१६) मी आधी पाहिला नव्हता. सिंधू लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, त्यामुळे लेखकाला केवढं रान मोकळं होतं. त्या लोकांचा देव कोणता, भीती कशाची, पंचायत कशी बसायची, काहीही कल्पना करता आली असती. मिळतं काय, तर गावातून शहरात आलेला नायक, दुष्ट प्रमुख आणि प्रमुखाच्या मुलाशी लग्न ठरलेली नायिका. शेवटचा पुराचा भाग मात्र खरंच चांगला आहे. नावा एकमेकींना बांधून लोक पलीकडे जातात, तेव्हा पहिल्यांदा वाटतं की हे शहर होतं आणि ते बुडतंय.

'ठग्स ऑफ हिंदोस्तान' (२०१८) बद्दल फार लिहीत नाही. आमिर खानचा फिरंगी दोन्हीकडच्या लोकांना विकणारा माणूस आहे. असा माणूस कसा घडतो, हे सांगितलं असतं तर एवढ्या जहाजांची गरज नव्हती.

आणि 'सैराट'वरून हिंदीत केलेला 'धडक' (२०१८). यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण 'सैराट' आपल्या शेजारच्या मुलुखातला. करमाळ्याकडची ती विहीर, तो ऊस, साखर कारखान्याचं ते राजकारण आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. परश्याचा बाप मासे धरणारा, आर्चीचा बाप गावाचा मालक. दोघांच्या घरांत किती अंतर आहे ते पहिल्या अर्ध्या तासात अंगावर येतं. 'धडक'मध्ये गोष्ट उदयपूरला गेली, त्याला माझी हरकत नाही. राजस्थानात जात नाही असं थोडंच आहे? पण मधुकरच्या घरचं चांगलं चालतं रेस्टॉरंट आहे, अंगावर चांगले कपडे आहेत, आणि जातीचा उल्लेख आला तरी एखाद्या ओळीत उरकतो. मग पार्थवीच्या घरच्यांचा एवढा राग कशाचा, हे प्रेक्षकाने 'सैराट' आठवून भरून घ्यायचं.

शेवटही बदलला. 'सैराट'मध्ये माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा करायला आत जाते, सगळं साधं, घरगुती. म्हणून पुढचं सहन होत नाही. मागे राहतं ते लेकरू. 'धडक'मध्ये नवरा आणि मूल दोघंही जातात आणि ती मागे राहते. कल्पना म्हणून हेही भयंकर आहे. पण तोपर्यंत दोघांचा संसार आपल्याला नीट दिसलेलाच नसतो. 'सैराट'मध्ये हैदराबादच्या झोपडपट्टीत आर्ची रडकुंडीला येते, घरची आठवण काढते, दोघं भांडतात, तो तिच्यावर संशय घेतो. प्रेमविवाह करून घर सोडलेल्या पोरांचं खरं दुःख तिथं आहे. 'धडक'मधल्या कोलकात्यात हे सगळं धावतं होऊन जातं.

तुम्हाला असे कोणते सिनेमे आठवतात? चांगले होता होता राहिलेले?

शिवाजीपेठकर

पानिपतचं पटलं बघा. धडकबद्दल मात्र जरा जास्तच बोललासा. आमच्या घरात बायकांनी तो दोनदोनदा बघितलाय. अजय-अतुलची गाणी हायत, पोरगी पहिल्याच पिक्चरात बरी काम करत्या. ज्यानं सैराट बघितलाच न्हाई, त्या उत्तरेतल्या माणसाला तो पिक्चर लागलाच की. आपण आर्ची-परश्या डोक्यात घेऊन बसतो, त्याला ते काय करणार?

रविवारचा प्रेक्षक

@शिवाजीपेठकर, गाण्यांबद्दल वाद नाही. जान्हवी कपूरचा शेवटच्या प्रसंगातला चेहराही मला आवडला. पण 'सैराट' न पाहिलेला माणूस धरून चाललो तरी प्रश्न राहतोच. मुलीचा बाप मुलाला मारण्याइतका का पेटतो? तेवढंच सिनेमा सांगत नाही.

पेठेतली सून

मी 'वेड'चं नाव घेते. ३० डिसेंबर २०२२ ला आला आणि पुढचा सगळा जानेवारी आमच्याकडे घरोघरी तोच विषय. रितेश देशमुखचं पहिलं दिग्दर्शन, नायिका म्हणून जिनिलियाचा पहिला मराठी सिनेमा, आणि मूळ तेलुगू 'मजिली' २०१९ चा. मी मैत्रिणींबरोबर पाहिला, सगळ्याजणी रडल्या, मीपण रडले. घरी आल्यावर मात्र मला राग यायला लागला.

श्रावणी वर्षानुवर्षं अशा नवऱ्याबरोबर राहते, जो पहिल्या मुलीच्या आठवणीत पितो आणि हिच्याकडे बघतही नाही. ती नोकरी करते, घर चालवते, त्याचे पैसे भरते. का? लहानपणापासून प्रेम होतं म्हणून. एवढ्यावर सिनेमा थांबतो. तिला एकदाही वाटत नाही का, की बास झालं? तिची आई तिला एकदा तरी म्हणाली असेल ना, की चल घरी? अशा बायका मी पाहिल्यात. त्या गप्प बसत नाहीत. भांडतात, अबोला धरतात, माहेरी निघून जातात आणि परत येतात. त्यांचं प्रेम असतंच, पण हिशेबही असतो. श्रावणीला सिनेमानं देवी करून टाकलं. देवी केली की तिला काय वाटतं ते विचारायला नको.

अशोक सराफ मात्र काय काम करतात! मुलगा वाया चाललाय हे बघणारा बाप. त्यांचे प्रसंग आले की सिनेमा एकदम खाली जमिनीवर येतो. तो बाप सुनेपुढं शरमतो, ते पुरेसं दाखवलं असतं तर मी या सिनेमाला मधला म्हटलं नसतं.

राजारामपुरी आठवी गल्ली

'झपाटलेला २'. २०१३ ला आला, मराठीतला पहिला थ्रीडी म्हणून चष्मे घालून पाहिला. पहिला 'झपाटलेला' १९९३ चा. रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला आजही रात्री कपाटावर बसलेला दिसला तर मी खोलीत जाणार नाही. पहिल्यात भीती कुठून येत होती? साधं घर, साधी आई, आणि त्यात हळूच डोळे फिरवणारा बाहुला. लक्ष्याचं कुणी ऐकत नाही, सगळे त्यालाच वेडा समजतात, ही खरी घबराट.

दुसऱ्या भागात बाहुला सुरुवातीपासून सगळ्यांना माहीत आहे. वस्तू अंगावर येतात, जत्रा आहे, नाच आहे. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले, त्यांच्याशिवाय हा सिनेमा करणं कठीण होतं हे मान्य. पण मग लक्ष्याच्या मुलाच्या मनात बापाची जागा रिकामी आहे, त्यावरच सिनेमा उभा राहिला असता. ते दोन प्रसंगांत संपतं.

गडवाट

मी 'पावनखिंड'बद्दल लिहितो. लोकांना राग येईल, पण आमच्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे म्हणूनच लिहितो.

दिग्पाल लांजेकरांनी 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त' केले, मग हा फेब्रुवारी २०२२ ला आला. आधी नाव 'जंगजौहर' होतं. चांगलं ते आधी सांगतो. बांदलांच्या सैन्यातली माणसं त्यांनी माणसं म्हणून दाखवली. फुलाजीप्रभू, रायाजी बांदल, कुणाच्या घरी लग्न, कुणाची आई. नाहीतर बाजीप्रभू एकटे लढले असं लहानपणी वाटायचं. अजय पुरकरांचे बाजी वयानं, आवाजानं, चालण्यानं पटतात. मोठा नट घेऊन पडद्यावर चमक आणायची हौस नाही, हे मला फार आवडलं.

आता अवघड जागा. दर जुलैत आमचा गट पन्हाळ्याहून निघून पावनखिंडीपर्यंत चालतो. पन्नासेक किलोमीटर होतात, आम्ही मध्ये मुक्काम करतो. मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही, हाका मारत जावं लागतं. भाताच्या खाचरांच्या बांधावरून पाय घसरतो. चिखलात बूट अडकून पाय नुसता बाहेर येतो. ओढ्याला पाणी वाढलं की दोर धरून पलीकडे जायचं. दुसऱ्या दिवशी पांढरपाण्याच्या अलीकडे माणसं बोलायची बंद होतात. अंगात त्राणच उरत नाही. आम्ही हे पोटभर खाऊन, उजेडात, रेनकोट घालून करतो.

त्या माणसांनी १६६० च्या जुलैत रात्री, पावसात, मशाली न पेटवता, खांद्यावर पालखी घेऊन हे अंतर धावत काढलं. पाठीवर सिद्दी मसूदचं घोडदळ. त्याआधी मार्चपासून पन्हाळ्याला वेढा, म्हणजे गडावर चार महिने साठवलेल्या शिध्यावर दिवस काढलेले. अशी दमलेली माणसं घोडखिंडीत उभी राहिली आणि विशाळगडावरून तोफा ऐकू येईपर्यंत हलली नाहीत. आता सिनेमा आठवा. खिंडीतली लढाई लांबलचक आहे, मोठं संगीत आहे, संथ गतीत उडणारं रक्त आहे. पण ती माणसं रात्रभर धावून आलेली आहेत हे त्यांच्या अंगावर दिसत नाही. धावणं गाण्यासारखं होऊन जातं. माझ्या मते ती रात्रच खरा पराक्रम आहे. खिंड हा त्याचा शेवट. रात्रीला तासभर दिला असता, नुसता श्वास, पाऊस, चिखल आणि भोयांचे खांदे दाखवले असते, तर खिंडीत एका वाराची गरज नव्हती.

शिवा काशीदांचंही तसंच. महाराजांसारखं दिसणारा माणूस, पालखीत बसतो, आपण परत येणार नाही हे त्याला माहीत आहे. पन्हाळ्याखाली नेबापूरला त्यांचं स्मारक आहे. तिथं गेलं की प्रश्न पडतो, पालखीत बसल्यावर वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरच्या छावणीपर्यंतच्या त्या वेळात या माणसाच्या मनात काय आलं असेल? सिनेमात त्यांना मान मिळतो, टाळ्या मिळतात. तो वेळ मात्र मिळत नाही.

शिवाजीपेठकर

@गडवाट, भावा तुझं चालणं मान्य, पण पावनखिंडला मधल्यांत घालू नको. दोन वर्षं कोरोनानं थेटरं बंद पडलेली, त्यात हा पिक्चर आला आणि आख्खी पेठ उठून थेटरात गेली. म्हातारी माणसं, शाळेची पोरं, सगळी. बाजी पडले तवा थेटरात कुणी बोलंना झालतं. एवढं ज्यानं केलं त्यो पिक्चर मधला कसा?

गडवाट

@शिवाजीपेठकर, मीही त्याच गर्दीत होतो आणि माझेही डोळे ओले होते. पण त्यातलं किती सिनेमानं दिलं आणि किती आपण घरून घेऊन गेलो होतो? बाजीप्रभूंचं नाव घेतलं तरी आपल्याला भरून येतं. ज्याला ही गोष्ट माहीतच नाही अशा केरळातल्या मित्राला मी हा सिनेमा दाखवला. त्याला लढाई समजली, ती रात्र समजली नाही. मला ती त्याला दाखवायची होती.

बॅटरीवाला

मी या गावात एका थेटरला बरीच वर्षं दारावर होतो. नाव सांगत नाही. अंधारात बॅटरी दाखवून माणूस खुर्चीला नेऊन बसवायचा, हे काम. थेटरात उभा राहणारा माणूस पडद्यापेक्षा खुर्च्या जास्त बघतो.

रिळांच्या काळात हजार फुटांचं एक रीळ अकराएक मिनिटं चालायचं. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळालाच आम्हाला कळायचं की पब्लिक कुठल्या रिळाला हलतंय. खुर्च्या वाजायला लागतात, खोकला सुरू होतो, पोरं लघवीला उठतात. वाईट पिक्चरला सुरुवातीपासूनच हालचाल असते, शिट्ट्या असतात, पब्लिक आपली करमणूक आपण करून घेतं. चांगल्याला माणूस उठायचंच विसरतो. मधल्या पिक्चरला मध्यंतरापर्यंत सगळं व्यवस्थित. मध्यंतरानंतर दोन रिळं जातात आणि मग एकदम हालचाल. तुम्ही ज्याला अवघड जागा म्हणताय, ती तिथंच असणार. पब्लिकला नाव सांगता येत नाही, पण कळतं. दुसऱ्या आठवड्यात एखादं गाणं कापून खेळ लवकर सोडायचे, पण त्यानं खुर्च्या वाजायच्या थांबत नसत.

डिजिटल आल्यावर रिळं गेली, पेट्या गेल्या. खुर्च्या तशाच वाजतात. 'ठग्स'च्या वेळी दिवाळीची गर्दी अशी की दार बंद करता येईना. देशभरात पहिल्या दिवसाचा गल्ला पन्नास कोटींच्या वर गेला म्हणून पेपरात आलं. सोमवारी बाल्कनीत चार माणसं.

एक मात्र सांगतो. थेटर जगवलं ते मधल्या पिक्चरनी. चांगला वर्षाला एखादा यायचा. बाकीचे पन्नास आठवडे आमचा पगार यांच्यावरच निघाला. त्यामुळे मला यांचा राग येत नाही.

निपाणीकर

'आदिपुरुष' (२०२३) कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. ओम राऊत आपला माणूस, 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी' मला मनापासून आवडले होते. 'तान्हाजी'त इतिहासाशी मोकळीक बरीच आहे, पण कोंढाण्याचा कडा, रात्र, दोर, हे सगळं अंगावर येतं. सैफचा उदयभान भीती घालतो. त्यामुळे 'आदिपुरुष'ला मोठ्या आशेनं गेलो. ऑक्टोबर २०२२ ला टीझर आला तेव्हाच लोक नाराज झाले, प्रदर्शन पुढं ढकललं, चित्रं सुधारली. आल्यावर संवादांवरून गदारोळ झाला आणि काही संवाद बदलावे लागले. संवाद बदलले तरी सिनेमा तोच राहिला, कारण दुखणं वेगळ्या ठिकाणी होतं.

रामाला राग येतो, दुःख होतं, तो रडतो. आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' झालं, छप्पन्न गाणी. गदिमांचे शब्द, आणि चाली व काही गाण्यांत गळाही सुधीर फडक्यांचा, म्हणजे कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाचा. चित्र एकही नाही. माझी आजी रेडिओपुढं बसून रडायची असं वडील सांगतात. राजपुत्र वनात निघालाय, बाप मागे हंबरडा फोडतोय, भाऊ पादुका मागतोय, या जागा गायक सोडत नाही. 'आदिपुरुष' थेट वनवासापासून पुढं पळतो. अयोध्या सुटण्याचं दुःखच नाही, तर मग पुढच्या युद्धाशी माझं नातं कसं जुळणार?

गोकुळ शिरगाव शिफ्ट

सगळं वाचलं. माझं वेगळं मत आहे, स्पष्ट लिहितो. आम्ही फाउंड्रीत आठ तास भट्टीपुढं काढून येतो. दिवसभर अवघड जागाच बघतो आम्ही. घरी आल्यावर बायको-पोरांबरोबर दोन तास हसावं एवढंच पाहिजे असतं. उपासमार, जात, बापाची शरम, हे सगळं रात्री नऊ वाजता कशाला? मधला सिनेमा माझ्यासाठी बरोबर आहे. डोक्याला ताप नाही, पोरं झोपतात, मी झोपतो.

रविवारचा प्रेक्षक

@गोकुळ शिरगाव शिफ्ट, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. हलका सिनेमा म्हणजे कमी दर्जाचा, असं मी मानत नाही. तुमच्याच आवडीचा सिनेमा घेऊ. 'दे धक्का' (२००८) पाहिला असेल. हसून पोट दुखतं. पण त्या हसण्याच्या खाली काय आहे? गाडीसाठी नवीन पार्ट शोधून काढणारा, त्याच्या मागे पैसे घालवून बसलेला बाप. घरात पैशाची चणचण, एकमेकांवर चिडलेली माणसं, दारू पिणारा म्हातारा, आणि मुलीच्या नाचाच्या स्पर्धेला एका खटारा गाडीतून निघालेलं हे सगळं कुटुंब. ती गाडी धक्का मारून चालू करताना आपण हसतो, कारण अडलेल्या घरात सगळ्यांना मिळूनच धक्का मारावा लागतो हे आपल्याला माहीत आहे. उद्यमनगरात असा पार्ट डोक्यात घेऊन कर्जात गेलेली माणसं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील. गोष्ट मूळ अमेरिकन सिनेमावर बेतलेली, तरी ती आपली झाली ती या पैशाच्या अडचणीमुळे.

'दे धक्का २' (२०२२) मध्ये हेच लोक लंडनला जातात. नट तेच, विनोदाची हातोटी तीच. पण पैशाची अडचण गेली, गाडी गेली, आता त्यांचं काय अडलंय तेच कळत नाही. म्हणून हसू येत नाही. मी हलक्या सिनेमाच्या विरुद्ध नाही. हसवणाऱ्या सिनेमालाही ती जागा लागते, एवढंच म्हणतोय.

गोकुळ शिरगाव शिफ्ट

पार्टचं बरोबर आहे. आमच्या शॉपमध्ये एकानं पेट्रोल वाचवायच्या यंत्रापायी घरचे दागिने मोडलेत. त्याला 'दे धक्का' फार आवडतो. दुसरा भाग मी अर्ध्यात बंद केला होता, का ते तेव्हा कळलं नव्हतं.

खरी कॉर्नर

आमच्या आजोबांनी जयप्रभा स्टुडिओत सुतारकाम केलं. भालजी पेंढारकरांच्या सेटवर खिळे ठोकले, म्हणून घरात सिनेमाच्या गोष्टी खूप. हा धागा वाचून राहवलं नाही.

या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० ला 'सैरंध्री' केला. लोकमान्यांनी त्यांना सिनेमा केसरी म्हटलं. १९२३ ला त्यांनी 'सिंहगड' केला, म्हणजे 'तान्हाजी'च्या सत्त्याण्णव वर्षं आधी तीच गोष्ट, आणि त्यात रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. पण मला सांगायचंय ते पुढचं. हातात गर्दी खेचणारी पौराणिक-ऐतिहासिक वाट असताना या माणसाने १९२५ ला 'सावकारी पाश' केला. कर्जात बुडालेला शेतकरी, सावकार जमीन गिळतो, तो गाव सोडून गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं. हे मूकपटाच्या काळात! त्यांना काय सोपं होतं? देव दाखवला असता तर थेटर भरलं असतं. त्यांनी सावकार दाखवला. १९३६ ला तोच विषय पुन्हा बोलपटात केला.

मूळ मूकपट आज बघायला मिळत नाही याचं मला फार वाईट वाटतं. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून रोज हजारो माणसं जातात. पोरांना विचारा, हा कॅमेरा कशाचा, सांगता येत नाही. शाळांनी तिथं एकदा तरी मुलांना उभं करून ही गोष्ट सांगावी. शंभर वर्षांपूर्वी, विजेची बोंब असताना, आपल्या गल्लीत बसून लोक अवघड विषयाला भिडत होते. आज हाताशी सगळं असणाऱ्यांकडून तेवढी अपेक्षा ठेवली तर काय चुकलं?

पेठेतली सून

@खरी कॉर्नर, आमच्या शाळेत शिक्षक-पालक सभेत हे मी नक्की मांडणार. स्तंभ शाळेपासून चालत जाण्यासारखा आहे.

@बॅटरीवाला काका, एक विचारायचं होतं. 'वेड'ला खुर्च्या कुठं वाजल्या?

बॅटरीवाला

'वेड'च्या वेळी मी काम सोडलं होतं, पण नातीबरोबर बघायला गेलो होतो. सवयीनं मागंच बसलो. अशोक सराफ पडद्यावर असताना एकही खुर्ची वाजली नाही. बाकी दुसऱ्या भागात क्रिकेटचं आलं तिथं बरीच पोरं मोबाइल काढून बसली होती.

गडवाट

@रविवारचा प्रेक्षक, ज्यानं अवघड जागा सोडली नाही आणि तरी चालला असा एखादा अलीकडचा ऐतिहासिक सिनेमा सुचतोय का? मला खरंच आठवेना.

रविवारचा प्रेक्षक

@गडवाट, ऐतिहासिक मलाही चटकन सुचत नाही. 'तान्हाजी'तला कडा चढतानाचा भाग जवळ जातो, निपाणीकर म्हणतात तसा. पण तुम्ही मसाई पठाराचं जे लिहिलंय ते कुणा लेखकाच्या हाती पडावं असं मनापासून वाटतं. तुमच्या गटातल्या कुणी त्या रात्रीच्या वाटेवर लिहिलं असेल तर इथं टाका.

शिवाजीपेठकर

काल रात्री परत धडक लावला, नीट बसून बघितला. त्या रेस्टॉरंटचं तुमचं खरं हाय, पोराच्या घरात कशाचीच कमी दिसत न्हाई, मग भांडण कशाचं ते उमगत न्हाई. पण गाण्यांवरनं मी हटणार न्हाई. आणि पावनखिंड मधला न्हाई तो न्हाईच. @गडवाट, पुढच्या जुलैत तुमच्यासंगं चालायला येतो. मसाई पठारावर बसून ह्यावर बोलू.